मिठाचा तास

मिनेसोटातल्या ल्युथरन चर्चमध्ये रविवारी सकाळी दोन उपासनांच्या मधे तासाभराची फट असते. मुलं संडे स्कूलला जातात आणि त्याच वेळी मोठ्यांचा एक वर्ग भरतो. त्याला बहुतेक ठिकाणी ‘अ‍ॅडल्ट फोरम’ म्हणतात. कॉफी घ्यायची, गोल टेबलांशी बसायचं, कोणीतरी विषय मांडतं, मग चर्चा. या तासात नेमकं काय व्हावं यावरून माझा एक मित्र आणि त्याची आत्या यांचं जे वाजलं, ते खाली दिलं आहे.

दोघंही मूळ नगरचे, अमेरिकन मराठी मिशनने वसवलेल्या मंडळीतले. मित्र मिनीअ‍ॅपोलिसच्या उपनगरात राहायला आला, घराजवळचं चर्च ल्युथरन निघालं आणि तो तिथलाच झाला. यात विपरीत काही नाही. नगरला मिशनरी धाडणारी काँग्रिगेशनल परंपरा आज ज्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये आहे, तिच्याशी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ल्युथरन संस्थेचा, म्हणजे ई.एल.सी.ए.चा, १९९७ पासून प्रभुभोजनाचा संबंध जोडलेला आहे. रोटीव्यवहार म्हणा हवं तर. आत्या निवृत्त शिक्षिका. उभा जन्म शब्बाथ शाळा घेण्यात गेलेला, आता भाच्याकडे राहायला आलेली.

आत्या : एक तास मिठावर! आणि तेही शास्त्रातलं मीठ नव्हे, रस्त्यावरचं!

भाचा : अगं, हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठ तळ्यांत उतरतं. चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी नासवतं, आणि एकदा पाण्यात गेलं की निघत नाही. पृथ्वी देवाने राखायला दिली आहे, हे तूच शिकवलंस ना मला?

आत्या : शिकवलं, पण वचन उघडून शिकवलं. त्या बाई छान बोलल्या, मी टिपून घेतलंय. पण हेच त्यांनी गावच्या लायब्ररीत सांगितलं असतं तर एका शब्दाचा फरक पडला नसता. टेबलावर केक होता. बायबल नव्हतं.

भाचा : दर रविवारी मीठ नसतं. गेल्या महिन्यात रोमकरांस पत्र होतं.

आत्या : आणि किती माणसं होती?

भाचा : (जरा थांबून) निम्मी.

आत्या : तेच म्हणतेय. १५२८ मध्ये लूथर सॅक्सनीतल्या खेड्यांची तपासणी करायला निघाला. बघतो तर लोकांना प्रभूची प्रार्थना येत नाही, दहा आज्ञा येत नाहीत, आणि काही पाळकांचीही तीच गत. परत आला आणि १५२९ मध्ये त्याने प्रश्नोत्तरीची दोन पुस्तकं काढली. मोठं पाळकांसाठी, लहान घरासाठी. त्या लहान प्रश्नोत्तरीच्या एकेका भागावर लिहिलं आहे की हे घरच्या कर्त्याने आपल्या घरातल्यांना शिकवावं. म्हणजे पहिला विद्यार्थी कर्ता. आणि तुमच्याकडे ते पुस्तक कुणाच्या हातात असतं? चौदा वर्षांच्या पोरांच्या. दृढीकरण झालं, फोटो निघाला, केक कापला, पुस्तक माळ्यावर.

इथे आत्यांच्या बाजूने एक भर घालतो. मोठ्या प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत लूथर सांगतो की आपण डॉक्टर आणि उपदेशक असलो तरी रोज सकाळी लहान पोरासारख्या आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रार्थना म्हणतो, आणि या धड्याचे विद्यार्थीच राहतो. प्रौढांचं शिक्षण ही अमेरिकन चर्चने नंतर काढलेली टूम नव्हे. पंथाच्या पायातच ते आहे. पण भाच्याला हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही.

भाचा : तुझा तो कर्ता मी रोज बघतो, आत्या. आमच्याकडे एक आजोबा आहेत. जन्मभर गाई पाळल्या. बायको गेल्यावर कुणाशी बोलेनात. त्यांना वर्गात बसवलं की घाम फुटतो. तिथे बोलणारी चार माणसं ठरलेली, दोन निवृत्त मास्तर, एक वकील आणि एक निवृत्त पास्टर. पण ‘भांडी घासायला येता का’ म्हटलं की हे पहिले हजर. लेंटमध्ये दर बुधवारी सूप असतं, तेव्हा मी आणि ते सिंकपाशी. तिथे बोलायला लागले.

आत्या : काय बोलले?

भाचा : आधी हवामान. मग गाई. मग बायको.

आत्या : देवाचं नाव?

भाचा : नाही निघालं.

आत्या : मग लायन्स क्लबात आणि मंडळीत फरक काय राहिला?

हा घाव वर्मी लागला. कारण भाचा चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराचा खंदा माणूस आहे आणि त्या स्वयंपाकघराला इथे स्वतःची एक परंपरा आहे. स्कँडिनेव्हियन पद्धतीची अंड्याची कॉफी तिथे अजून होते. अंडं कॉफीच्या भुकटीत कालवायचं, तो लगदा उकळत्या पाण्यात सोडायचा. अंडं गाळ धरून ठेवतं आणि वर स्वच्छ तांबूस कॉफी उरते. मिनेसोटाच्या राज्य जत्रेत सेलम ल्युथरन चर्चचे लोक ती विकतात आणि रांग लागते. मयताचं जेवण याच तळघरातून, हॉटडिश याच तळघरातून. शेजारच्या खोलीत बायका जुन्या कापडांच्या गोधड्या शिवतात. त्या ल्युथरन वर्ल्ड रिलीफमार्फत जगभरातल्या निर्वासितांपर्यंत पोहोचतात. १९४५ मध्ये, महायुद्धाने उघड्यावर आलेल्या युरोपसाठी, ही संस्था निघाली. गोधड्यांचं काम मी पाहिलं आहे. त्याला नुसता वेळ घालवणं म्हणायला जीभ रेटत नाही.

भाचा : फरक सांगू? लायन्स क्लबात पाप्यांना बोलावत नाहीत. आणि लूथरनेच लिहिलंय, श्माल्काल्डच्या कलमांत, १५३७ च्या. सुवार्ता माणसापर्यंत कशी येते याची त्याने यादी दिली आहे. उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पापक्षमेचा अधिकार, आणि शेवटी, बंधूंचं आपसातलं बोलणं आणि एकमेकांना धीर देणं. वर्ग म्हटलेला नाही. बोलणं आणि धीर.

आत्या : कशाबद्दलचं बोलणं? गाईंबद्दलचं?

भाचा : त्याने विषय ठरवून दिलेला नाही.

आत्या : त्याला वाटलं असेल, एवढं सांगायची गरज नाही. ऐक, तुझ्या या आजोबांचे पणजोबा नॉर्वेहून आले ना? मग त्यांना हाउगे ठाऊक असणार.

हान्स नील्सन हाउगे (१७७१–१८२४) हा शेतकऱ्याचा मुलगा. १७९६ च्या एप्रिलमध्ये नांगर धरलेला असताना त्याला देवाची हाक ऐकू आली. मग हा माणूस चालत सारा नॉर्वे फिरला. वाटेत हात रिकामे नकोत म्हणून चालता चालता हातमोजे विणायचा. गावोगाव घराघरांतून लोक जमायचे, वाचायचे, बोलायचे, प्रार्थना करायचे. पण त्या राज्यात १७४१ चा एक हुकूम होता : पाळकाच्या परवानगीवाचून सामान्य माणसांनी धर्मसभा भरवायची नाही. हाउगेला अनेकदा अटक झाली. १८०४ मधली शेवटची अटक त्याला वर्षानुवर्षांच्या तुरुंगात घेऊन गेली, आणि तिथून तो मोडलेल्या प्रकृतीने बाहेर आला. हुकूम रद्द व्हायला १८४२ उजाडलं. मिनेसोटात जे नॉर्वेजियन उतरले त्यांतले कितीतरी या हाउगेपंथी घरांतले. त्यांच्यातलाच एलिंग आइलसेन १८३९ मध्ये अमेरिकेत आला, आणि लूथरची प्रश्नोत्तरी छापून घेण्यासाठी मिडवेस्टमधून न्यूयॉर्कपर्यंत गेला. त्यातली बरीच वाट पायी.

आत्या : बघ. त्यांची सहभागिता कशात होती? वाचण्यात! एका खोलीत पुस्तक उघडून बसलं म्हणून माणसं तुरुंगात गेली. तुम्हाला आता कोणी अडवत नाही, तर तुम्ही मिठावर बोलता.

भाचा : मीठ! बरी आठवण केलीस. तुझ्या हाउगेला १८०९ मध्ये तुरुंगातून मधेच कशासाठी सोडलं होतं, ठाऊक आहे? मिठासाठी. इंग्रजांनी समुद्र अडवला होता, देशात मीठ मिळेना. हा माणूस उद्योगी. त्याला बाहेर काढलं, किनाऱ्यावर मिठागरं उभी करायला लावलं, आणि काम झाल्यावर पुन्हा आत टाकलं. त्याने ‘मीठ हा आध्यात्मिक विषय नाही’ असं म्हटल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

(आत्या हसल्या. पण बाई सहजासहजी हरणाऱ्यातल्या नव्हेत.)

आत्या : त्याने मिठागरं केली, कागदाची गिरणी काढली, सगळं केलं. पण आधी वाचन होतं म्हणून. तुम्ही उलट्या बाजूने चढताय.

भाचा : आणि वाचन सक्तीचं झालं की काय होतं, तेही सांगतो. शेजारच्या स्वीडनमध्ये १६८६ च्या कायद्याने पाळक घरोघरची परीक्षा घ्यायचा. सगळी वस्ती एका घरात गोळा करायची, एकेकाला वाचायला लावायचं, प्रश्नोत्तरी विचारायची आणि वहीत शेरे मारायचे. वाचन बरं, समज कच्ची, असे. फिनलंडमध्ये प्रश्नोत्तरी आली नाही तर दृढीकरण नाही, आणि दृढीकरण नाही तर लग्न नाही. अलेक्सिस किवीची ‘सात भाऊ’ कादंबरी, १८७० ची. त्यातले ते दांडगे भाऊ अक्षरं शिकायला चर्चच्या सेवकाकडे जातात, आणि खिडकीतून उड्या टाकून पळतात. मला त्या भावांचं पटतं.

आत्या : शेवटी शिकतात ना ते वाचायला?

भाचा : शिकतात.

आत्या : मग? गरिबातली गरीब मोलकरीणही वाचू लागली ती त्या परीक्षेमुळे. माझी आजी बायबल-वुमन होती, दारोदार जाऊन बायांना वाचायला शिकवायची. तिला कोणी सक्ती म्हणालं नाही.

माझ्या मते इथे दोघंही अर्धंच सांगत होते. स्वीडनमधल्या त्या परीक्षेनंतर बहुधा जेवणावळ असायची. शेरे मिळाले की पानं मांडायची. आणि अभ्यासमंडळांना फक्त सरकारनेच त्रास दिला असंही नाही. फिलिप याकोब श्पेनरने १६७० मध्ये फ्रँकफुर्टला आपल्या घरी सामान्य माणसांची वाचनमंडळी सुरू केली तेव्हा अनेकांना ती हवीशी वाटली. थोड्याच वर्षांत त्यातल्या काहींना वाटू लागलं की आपणच खरे ख्रिस्ती, बाकीची मंडळी नुसती बाकं झिजवणारी. ते वेगळे निघाले. ज्या माणसाला चर्च आतून जागं करायचं होतं, त्याच्याच बैठकीतून फुटीर बाहेर पडावेत, याचं श्पेनरला फार दुःख झालं. पण त्याच चळवळीच्या हाले इथल्या केंद्रातून बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरला आणि लूथरची लहान प्रश्नोत्तरी तमिळमध्ये आणू शकला. आपल्या देशातलं प्रॉटेस्टंट मिशन त्या बैठकीच्या खोलीतून आलेलं आहे.

अभ्यास माणसं जोडतो की तोडतो, हा प्रश्न भाच्याच्या मनात श्पेनरवरून आलेला नव्हता. तो २००९ वरून होता.

भाचा : तू तेव्हा इथे नव्हतीस. समलिंगी जोडीदारासोबत राहणाऱ्यांना पास्टर होता यावं की नाही, यावर ई.एल.सी.ए.ने आधी काही वर्षं सगळ्या मंडळ्यांना अभ्यास करायला लावला होता. पुस्तिका पाठवल्या. आम्ही एक अख्खा हिवाळा बसलो. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, उत्पत्ती, लेवीय, सगळं. मग ऑगस्टमध्ये इथेच, मिनीअ‍ॅपोलिसमध्ये महासभा. एकोणीस तारखेला चक्रीवादळ शहरात शिरलं आणि सभागृहाजवळच्या सेंट्रल ल्युथरनच्या मनोऱ्याची मोडतोड झाली. त्याच दुपारी लैंगिकतेवरच्या निवेदनाला ६७६ विरुद्ध ३३८ मतं पडली. बरोबर दोन-तृतीयांश हवी होती, बरोबर दोन-तृतीयांश मिळाली. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर पडलं असतं. दोन दिवसांनी पास्टरांचा निर्णय. त्या वादळाचा अर्थ लावायला दोन्ही बाजू मोकळ्या होत्या, आणि दोन्ही बाजूंनी लावला.

आत्या : मग?

भाचा : मग आमच्यातली काही घरं गेली. २०१० मध्ये वेगळी ल्युथरन संस्था निघाली, काही तिकडे गेली. आणि कोण गेलं? ज्यांनी सर्वांत मन लावून अभ्यास केला होता ते. वर्गाने त्यांच्या हातात धारदार शब्द दिले. तळघरात भांडी घासणारं कोणी गेलं नाही.

आत्या : भांडी घासणाऱ्यांना काही मत नव्हतं?

भाचा : होतं. पण कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आत्या : म्हणजे ते आतल्या आत गेले. बाकावर बसून गेले.

यावर भाचा गप्प राहिला. मिनेसोटात राहिलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. इथल्या सौजन्याला ‘मिनेसोटा नाइस’ म्हणतात. तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. कढई परत करताना तीत बिस्किटं घालून देतात आणि पुढच्या रविवारपासून दिसेनासे होतात. माझं मत इथे आत्यांच्या बाजूला झुकतं. ज्या टेबलावर मतभेद मांडता येत नाही तिथे कॉफी कितीही चांगली असो, माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. त्या महासभेच्या ठरावांत एक विचार मुद्दाम घातलेला होता : वेगवेगळ्या निष्कर्षांवर आलेल्या लोकांचा सद्सद्विवेक वचनाने बांधलेला असू शकतो, आणि दुसऱ्याच्या त्या बांधिलकीचा मान राखायचा. ही कल्पना थेट १५२१ च्या वर्म्सवरून येते. लूथर सम्राटापुढे त्याच आधारावर उभा राहिला होता. पण समोरच्याचा विवेक कशाने बांधला गेला आहे हे कळायला त्याने ते कधीतरी मोठ्याने बोलावं लागतं.

आत्या : आणि जे गेले, त्यांच्याशी बोलणं आहे?

भाचा : आहे. त्यांच्यातल्या एकांची बायको वारली, तेव्हा जेवण आमच्याकडून गेलं. मीच नेलं.

आत्या : ते बोलावू शकले, कारण तुम्ही एक हिवाळा समोरासमोर भांडला होता. वचनावरून भांडला होता. गालिच्याच्या रंगावरून भांडून फुटलेली चर्चं मी पाहिली आहेत, तिथे मयतालाही कोणी जात नाही.

भाचा : ठीक. पण मग एक सांग. आपण तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतो. त्याला काय कळतं? आमच्याकडे एक बाई आहेत, विसरभोळेपणाचा आजार इतका वाढलाय की मुलीला ओळखत नाहीत. त्यांचा विश्वास गेला का? तुझ्या त्या लहान प्रश्नोत्तरीतच विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या भागाखाली लूथर म्हणतो की मी माझ्या बुद्धीने किंवा बळाने ख्रिस्तावर विश्वास ठेवूच शकत नाही. पवित्र आत्मा बोलावतो म्हणून ठेवतो. अभ्यासाच्या पुस्तकातच लिहिलंय की अभ्यासाने जमणार नाही!

आत्या : हे तुला कुठून कळलं?

भाचा : (हसत) नव्या सभासदांच्या वर्गात.

आत्या : वर्गात!

भाचा : सुपाबरोबर.

दोघंही थोडा वेळ आपापला विजय मोजत बसले. मग आत्यांनी पिशवीतून ती प्रश्नोत्तरी काढली. पास्टरबाईंनी त्यांना लेंटमधले बुधवार देऊ केले होते, सुपानंतर अर्धा तास. खरा तंटा आता पुढे होता, कारण सुरुवात कशापासून करायची यावर त्यांचं जमेना.

आत्या : पहिल्या आज्ञेपासून. तीच सगळे बुधवार. मी सांगणार नाही, विचारणार. प्रत्येक आज्ञेखाली लूथर तेच करतो, याचा अर्थ काय म्हणून विचारतो.

भाचा : नॉर्वेजियन लोकांना विचारून बघ. पहिला बुधवार नुसता शांततेत जाईल. त्यापेक्षा प्रार्थनेतली चौथी मागणी घे. रोजची भाकर.

आत्या : तुझं लक्ष भाकरीवरच.

भाचा : तिथे लूथरने भाकरीत काय काय धरलंय ते वाच. अन्न, कपडे, बूट, घर, शेत, गुरं, चांगली बायको किंवा नवरा, चांगलं सरकार, चांगलं हवामान, चांगले शेजारी. सिंकपाशी आजोबा काय बोलले होते? हवामान, गाई, बायको. सगळं यादीत आहे.

आत्यांनी चष्मा लावून तो भाग पुन्हा वाचला. त्यांना तो पाठ होता, तरी वाचला.

आत्या : यादीत आहे. पण ती यादी कोणापुढे मागितली आहे, ते तू त्यांना सिंकपाशी सांगितलं नाहीस.

भाचा : तू सांग बुधवारी.

आत्या : मी सांगणार नाही म्हटलं ना. मी विचारणार. आणि पहिला प्रश्न त्या आजोबांना.

भाचा : त्यांना नको, आत्या. ते पुन्हा येणार नाहीत. चारचौघांत एकदम विचारलंस तर तो स्वीडनचा पाळक आणि तू, काय फरक?

आत्या : मग काय करू? मास्तरांना आणि वकिलांनाच विचारत बसू?

भाचा : आधी भांडी घासायला ये.

आत्या : भांडी मी घासेन. पण पुस्तक तिथे ओट्यावर उघडं ठेवणार.

भाचा : भिजेल.

आत्या : भिजू दे. दुसरं आणता येतं.